देशाची उचल

देशालाही कर्ज असतं हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या मांडीवर मेथीची जुडी होती. आमच्या बचत गटाची बैठक मारुतीसमोरच्या ओट्यावर भरते आणि तिथे कुणीही रिकाम्या हातांनी बसत नाही. कुणी लसूण सोलते, कुणी वाती वळते. बीडच्या एका संस्थेच्या ताई अधूनमधून येतात, पोरींची लग्नं लवकर करू नका म्हणतात, रक्त वाढायला काय खावं ते सांगतात आणि चहा घेऊन जातात. त्या दिवशी मात्र त्यांनी ओट्यावर जगाचा नकाशा पसरला. वाऱ्याने उडू नये म्हणून आम्ही चार कोपऱ्यांवर चार कांदे ठेवले. एक देश त्यात कांद्याखाली गेला, पण ताई म्हणाल्या, राहू द्या, तो श्रीमंत आहे.

मग त्यांनी गरीब देश दाखवले. त्यांच्या जुन्या राज्यकर्त्यांनी श्रीमंत देशांकडून आणि मोठमोठ्या बँकांकडून कर्जं घेतली. राज्यकर्ते गेले, कर्ज राहिलं. मुद्दल फिटलं तरी व्याज संपत नाही. आता तिथे दवाखाना बांधायचा की हप्ता भरायचा असा प्रश्न आला की हप्ता भरतात, दवाखाना राहतो. म्हणून जगभरची साधीसुधी माणसं एक झाली आहेत आणि म्हणत आहेत, ही कर्जं रद्द करा. बीडला त्याचाच मोठा कार्यक्रम होता. आमच्या गटाने त्यात एक लहानसं नाटक करावं, अशी ताईंची इच्छा होती.

"मंजी देशानं उचल घेतली," माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या.

आमच्याकडे कर्ज हा शब्द बँकेतला. आम्ही घेतो ती उचल. दिवाळीआधी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला पैसे देतो, त्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि मग सगळा हिवाळा ऊस तोडून ते पैसे फेडायचे. त्यामुळे जाऊबाईंनी असं म्हटल्यावर सगळ्या बायकांना देशाचं दुखणं एकदम समजलं आणि प्रश्न सुरू झाले.

"त्यांचा मुकादम कोन?"

"तसं म्हटलं तर मोठी बँक," ताई म्हणाल्या.

"आन् देश उचल घेऊन पळून गेला तर?"

"देश कुठं पळणार, मावशी?"

"आमच्या आळीतला एक गेलता की! तीन तालुके हुडकला, तवा घावला."

"आगं, त्याला पाय हुते," दुसरी म्हणाली. "देशाला कुठले पाय?"

"मंग तर मुकादमाची चैनच हाय. पळायची भीतीच न्हाई."

ताई हसल्या, पण त्यांनी ते लिहूनही घेतलं.

माझं लक्ष अर्धंच होतं. सकाळीच लेकीचा फोन आला होता. ती माजलगावकडे दिलेली आहे, धरणाच्या पाण्यावर ऊस होतो त्या भागात. पौषात तिचं पहिलं बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण पौषात आमच्या घराला कुलूप. सगळी आळीच उसाच्या फडात गेलेली असते. आमच्या मुकादमाची टोळी मात्र दरवर्षी माजलगावकडच्याच कारखान्याला जाते आणि आमच्या कोप्या, म्हणजे चटईच्या झोपड्या, जिथे पडतात तिथे लेकीच्या गावच्या देवळाचा भोंगा ऐकू येतो. "आई, तुझी कोपी मंजीच माझं माहेर," ती म्हणाली होती. "पन तुमी ह्याच टोळीत येनार ना?" मी म्हटलं, दुसऱ्याच्या टोळीत जायला आम्हाला काय वेड लागलंय?

नाटकात मला गरीब देश केलं. कारण सरळ होतं. देशाला एक शब्दही बोलायचा नव्हता. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, लिहायला येतं, वाचायला येतं. पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. बैठकीत हजेरीसुद्धा मी हात वर करून देते. ताई म्हणाल्या, तुम्ही फक्त उभं राहायचं, बँक तुमच्या डोक्यावर एकेक ओझं ठेवत जाईल. शेवटी बँक "कर्ज माफ" म्हणाली की ओझं फेकून फुगडी खेळायची. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायची सवय असलेल्या बाईला यात अवघड काय? उसाचा हंगाम नव्हता, म्हणून कडब्याच्या पेंढ्या ठरल्या. पहिली पेंढी धरणासाठी, दुसरी राजाच्या बंदुकांसाठी, तिसरी व्याजाची, चौथी व्याजावरच्या व्याजाची.

बँक झाल्या थोरल्या जाऊबाई. त्यांनी लेकाचा लग्नातला कोट घातला. खिशात अजून अक्षता होत्या. काळा चष्मा लावल्यावर त्या इतक्या करारी दिसायला लागल्या की त्यांच्या नातवाने त्यांच्याकडून बिस्कीट घेतलं नाही. पण तालमीत त्यांचं गाडं एका जागी अडायचं. बाकी बायका "कर्ज रद्द करा" म्हणत आल्या की त्यांनी माफी द्यायची, ती काही केल्या त्यांच्या तोंडून निघेना.

"मी कावून सोडू? माझा पैसा हाय."

"मावशी, तुम्ही बँक आहात. पैसा तुमचा नाही."

"मंग कुनाचा?"

"तसा लोकांचाच."

"मंग तर मुळीच न्हाई सोडायची. आपला असता तर गेला म्हनलं असतं. लोकाच्या पैशाला जपाय लागतं."

ताईंनी कपाळावर हात मारला. बरं, म्हणाल्या, आधी बँक नीट उभी तरी राहू दे. पैसे देणारा माणूस कसा उभा राहतो, कसा बोलतो, तुम्ही पाहिलाच असेल ना?

पाहिलाच होता. जाऊबाईंनी माझा फोन एका हातात घेतला, स्वतःचा दुसऱ्या हातात. पोट पुढे काढलं. एका फोनने कान खाजवला आणि समोर उभ्या असलेल्या माणसालाही फोनवर म्हणावं तसं म्हणाल्या, "हां, बोला." मग आभाळाकडे पाहून, "बघू."

बायका अक्षरशः ओट्यावर आडव्या झाल्या. आमचा मुकादम असाच उभा राहतो, असाच "हां, बोला" म्हणतो आणि ज्याला नाही म्हणायचं त्याला "बघू" म्हणतो. तो आमच्या भावकीतलाच, नात्याने आमचा धाकटा दीर. दिराची थट्टा भावजयीने करायची नाही तर कुणी? होळीला जाऊबाई त्याला शेणाच्या गोवऱ्यांची माळ घालतात आणि तो निमूट घालून घेतो. पण ती घरातली थट्टा. इथे बीडच्या बाईसमोर झाली, आणि संध्याकाळच्या आत ती मुकादमाच्या घरी पोहोचली. पोहोचताना वाटेत वाढलीही. संस्थेच्या बाईने गावात मुकादमाविरुद्ध नाटक बसवलंय, सगळ्या बायका "उचल माफ करा" म्हणून घोषणा देणार आहेत, आणि डोक्यावर मोळी घेऊन जी उभी राहणार ती मी.

पोळा झाला की मुकादम घरोघर फिरतो. येतो, बाजेवर बसतो, चहा घेतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि उठता उठता उचल हातात ठेवतो. त्या वर्षी तो आमच्या आळीत आला. डावीकडच्या घरी चहा घेतला, उजवीकडच्या घरी चहा घेतला. आमच्या दारासमोरून जाताना त्याने एक फोन कानाला लावला. फोन लागलेला नव्हता, हे मला चुलीपुढूनही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी आमचे मालक त्याच्याकडे गेले. परत आले ते खांदे पाडून.

"काय म्हनले?"

"बघू म्हनला."

आणखी दोन दिवसांनी मुकादमाची बायको नळावर भेटली. तशी ती माझी मैत्रीणच, पण त्या दिवशी तिने घागर खाली ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कुणाच्या घरची वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाली, "आमच्याकडून निरोप हाय. तुमच्याकडली ती बाकी राहू द्या म्हनले. मिटलं समजा."

हे आमच्या भागाबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. गुढीपाडव्याला टोळी परत येते तेव्हा हिशोब होतो आणि प्रत्येक कोयत्याकडे थोडी बाकी राहतेच. ती जड वाटत नाही असं नाही. पण बाकी आहे म्हणजे मुकादमाचा पैसा आपल्यात अडकलाय, म्हणजे पुढच्या वर्षी तो आपल्या दारात येणार. ज्याला टोळीतून काढायचं असतं त्याच्यावर मुकादम ओरडत नाही. तो म्हणतो, राहू द्या ती बाकी, हिशोब मिटला. त्यानंतर त्या माणसाकडे टोळीतलं कुणी डोळे वर करून बघत नाही.

मालक जेवत होते. मी सांगितल्यावर त्यांचा घास हातातच राहिला.

"माफ केली?"

"हो."

"सगळी?"

"सगळी म्हनले."

त्यांनी भाकरी ताटात ठेवली. "एवढं काय वाईट केलंतं गं आपन त्याचं?"

कर्नाटकात टोळी नेणारा दुसरा एक मुकादम मालकांच्या ओळखीचा होता. त्याने निरोप धाडला होता की पाटोद्याच्या बाजारात भेटा, उचल तिथेच देतो. बाजार पाच दिवसांवर होता. कर्नाटकातून लेकीकडे यायचं म्हणजे तीन गाड्या बदलायच्या, आणि नवा मुकादम नव्या कोयत्याला मधेच सोडत नाही. लेकीला मी फोनवर काहीच सांगितलं नाही. ती म्हणाली, "कोपी जरा मोठी बांधा आवंदा, पाळना टांगाय लागंल." मी "हं" म्हटलं. माझं फोनवरचं बोलणं नेहमी एवढंच असतं, त्यामुळे तिला काही कळलं नाही.

"आधी आपली उचल बघितली असती, मंग देशाची," मालक म्हणाले. रागाने नाही, थकून म्हणाले. मी नाटकातून नाव काढून घ्यायला ताईंकडे जाणार होते, पण जाऊबाई आडव्या आल्या.

"तू गेलीस तर मी पेंढ्या कुनाच्या डोक्यावर देऊ? आन् आता सोडून काय त्यो खुश होनार हाय व्हय? येऊ दे त्याला बघायला. बघून कळंल त्याला, की त्याच्यावर काय न्हाई म्हनून."

"तुमी त्यांची नक्कल करनार न्हाई ना, बाई?"

"न्हाई गं. माझ्या लेकराची शपथ."

बीडला जायच्या आधी नाटक एकदा गावातच करून बघायचं ठरलं. बाजाराच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, ओट्यासमोर सगळं गाव जमलं. ताईंनी दोन खांबांना मोठं कापड बांधलं होतं, त्यावर लाल अक्षरांत "कर्ज रद्द करा". मुकादम आला. त्याच्यासाठी कुणीतरी खुर्ची ठेवली. तो बसला, दोन्ही फोन दोन्ही गुडघ्यांवर ठेवले आणि माझ्याकडे न बघता कापडाकडे बघू लागला. आमचे मालक मागे लिंबाला टेकून उभे होते.

जाऊबाईंनी शपथ पाळायचा खरोखर प्रयत्न केला. त्या इतक्या ताठ उभ्या राहिल्या की बँक आहे का विजेचा खांब, कळेना. धरणाची पेंढी त्यांनी माझ्या डोक्यावर दिली. बंदुकांची दिली. तेवढ्यात मुकादमाच्या गुडघ्यावरचा फोन वाजला. त्याने तो कानाला लावला आणि नेहमीसारखा म्हणाला, "हां, बोला." आणि काय झालं कुणास ठाऊक, जाऊबाईंचा हात आपोआप कानाकडे गेला, पोट पुढे आलं, आणि त्यांच्याही तोंडून निघालं, "हां, बोला."

सगळ्या गावाला हसू फुटलं. म्हातारे खोकेपर्यंत हसले. मला पेंढ्यांखालून मुकादमाचे फक्त पाय दिसत होते. ते खुर्चीखाली गेले. झालं, मी मनात म्हटलं, कर्नाटक.

व्याजाची पेंढी आली, व्याजावरच्या व्याजाची आली. कडब्याची पानं चारी बाजूंनी खाली लोंबायला लागली. बायका घोषणा देत आल्या. आणि ज्या जाऊबाईंच्या तोंडून पंधरा दिवस माफी निघाली नव्हती त्यांनी गोंधळून, एका दमात, ताईंनी लिहून दिलं होतं त्याहून जास्तच म्हणून टाकलं: "जा! तुझं समदं कर्ज माफ! राहू दे ती बाकी. तुझा आमचा हिशोब मिटला!"

ताईंनी टाळ्यांसाठी हात वर केले. टाळी एकही वाजली नाही. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी हळहळली.

"आगं आगं आगं... काढलं की गं तिला!"

"एवढ्या मोळ्या वाहून घेतल्या, आन् शेवटाला काढलं."

"बँकेला काळीजच नसतं, बाई."

"आता कुनाच्या टोळीत जाईल ती?"

ताई कडेला उभ्या राहून मला खुणा करत होत्या, पेंढ्या फेका, फुगडी. पानांच्या फटीतून मला त्यांचे हात तेवढे दिसत होते. पण नळावरचं ते "मिटलं" आता सगळ्या गावासमोर मोठ्याने ऐकलं आणि मी पेंढ्या दोन्ही हातांनी आणखी घट्ट धरल्या. आणि एक गोष्ट होती. कडब्यामागे माझं तोंड कुणाला दिसत नव्हतं. मलाही कुणाचं दिसत नव्हतं. घरात एकटीने भांड्यांशी बोलावं तसं ते वाटलं, आणि मी बोलले.

"मला काढू नका," मी म्हटलं. "पौषात माझी लेक बाळंत होनार हाय. मी लांब गेले तर तिच्यापाशी कोन हाय? बाकी राहू द्या माझ्याकडं. एवढी बाकी राहू द्या. मी तोडून फेडते. पन मिटलं म्हनू नका."

हे नाटकात नव्हतं, हे फक्त ताईंना, जाऊबाईंना आणि मला माहीत. गावाला वाटलं आहे नाटकातच. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. जाऊबाईंनी तर काळा चष्माच काढला आणि कोटाच्या बाहीला नाक पुसलं.

"न्हाई गं माझे बाई, न्हाई काढत! कोन म्हनतं मिटलं? घे, आनखी उचल घे!" आणि त्यांनी ओट्यावर पडलेली जास्तीची एक पेंढीही माझ्या डोक्यावर ठेवली.

आता मात्र टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टीही मारली. ताई "कर्ज रद्द करा"च्या कापडाखाली तोंड उघडं ठेवून उभ्या होत्या.

टाळ्या थांबल्या आणि एकेक मान मुकादमाकडे वळायला लागली. नळावरचा निरोप सगळ्यांना माहीत होता, आमच्या गावात निरोप कुणा एकाला मिळत नाहीत. मुकादम उठून उभा राहिला. एक फोन खाली पडला, तो त्याने उचललाही नाही.

"माझ्याकडं काय बघताव? मी त्या बँकेसारखा वाटलो का? आजपोतर मी कुनाची बाकी माफ केली का? हाय का कुनी? हात वर करा!"

कुणीही हात वर केला नाही.

"तुमी गावभर माफी माफी बोंबलत हुता, मला राग आला, म्हनलं घ्या माफी. रागात मानूस काय बी बोलतो. वहिनी," तो माझ्या पेंढ्यांकडे बोट करून म्हणाला, "तुमची बाकी हाय. हाय मंजी हाय! एक रुपाया सोडायचा न्हाई मी!"

"हाय, हाय!" लिंबाखालून आमचे मालक ओरडले. त्यांचा आवाज चिरकला होता. "पुरी हाय, मुकादम! कोन न्हाई म्हनतंय?"

पुन्हा टाळ्या. या आधीपेक्षा मोठ्या. जाऊबाईंनी माझ्या डोक्यावरची ओझी खाली घेतली आणि आम्ही दोघींनी तिथेच फुगडी घातली, कारण ती घालायची राहिली होती. ताई पायरीवर बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. "मी बीडला जाऊन सांगू काय?" एवढंच त्या म्हणत होत्या.

नंतर चहा पिताना त्यांनी बाकीची सगळी भानगड विचारून घेतली. सांगितली मुकादमानेच, मोठ्या तोऱ्यात, आणि हेही सांगितलं की त्यालाही कारखान्याची उचल असते आणि कारखान्याने ती माफ केली तर त्याला फाशीच घ्यावी लागेल. ताई मग हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, त्या देशांनाही हीच भीती घालतात. माफी मागाल तर पुढच्या वेळी दारात कुणी उभं करणार नाही. म्हणून कित्येक देश मागतच नाहीत.

"बघा," जाऊबाई मुकादमाला म्हणाल्या, "देशाला बी तुज्यासारखाच भेटलाय."

"हां, बोला," मुकादम म्हणाला, आणि स्वतःच लाजला.

दुसऱ्या दिवशी मालक पाटोद्याला गेले ते फक्त बाजारहाट करायला. मुकादम सकाळीच आमच्या बाजेवर येऊन बसला होता. चहा झाला. उचल मालकांच्या हातात पडली. तो उठला तशी मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. आदल्या दिवशी एकदा बोलले होते, तो जोर अजून थोडा अंगात होता. पेंढ्या मात्र नव्हत्या, म्हणून मी चौकटीकडे बघून बोलले.

"भाऊजी, लेक बाळंत झाली की मला खाडा लावायचा न्हाई."

एक दिवस कामाला गेलं नाही की त्याला खाडा म्हणतात आणि तो उचलीत चढतो. आजारपणाचाही चढतो. बाळंतपणाला सोडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मालकांनी माझ्याकडे असं बघितलं की चौकट बोलली का काय.

मुकादम परत बसला. "किती दिस?"

"सव्वा महिना."

"सव्वा महिना! वहिनी, कारखाना काय माझ्या सासऱ्याचा हाय?"

"मंग तुमी सांगा."

त्याने कान खाजवला. "बघू" त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं, मला दिसलं. पण काल सगळ्या गावाने त्या शब्दाला हसून घेतलं होतं, त्याने तो गिळला. "बारसं होईपतुर," तो म्हणाला. "बारसं झालं की दुसऱ्या दिशी कोयता हातात."

"झालं," मी म्हटलं.

बीडला नाटक झालं. ताईंनी शेवट लिहिल्याप्रमाणेच करायला लावला. बँकेने माफी दिली, मी पेंढ्या फेकल्या, मोठ्या सभागृहातल्या शिकल्या-सवरल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. तिथे कुणी हळहळलं नाही. नंतर आम्हाला उपमा दिला. परतताना एसटीत मी ताईंना विचारलं, त्या देशांचं पुढं काय झालं. काहींचं थोडं सुटलं, त्या म्हणाल्या, काहींचं अडकूनच आहे, माणसं अजून भांडतायत. मी खिडकीबाहेर बघत बसले. एवढे लोक भांडतायत ते बरंच आहे, असं मला वाटलं. एकट्या बाईला बोलता येत नाही.

पौषात लेकीला सरकारी दवाखान्यात मुलगी झाली आणि तिथून ती सरळ आमच्या कोपीत आली. कोपी मोठी बांधली होती. पाळणा टांगला होता. बारशाला मात्र बाळाची आत्या लागते, नाव तीच कानात सांगते, आणि आत्या होती कर्नाटकात, दुसऱ्या एका टोळीत. तिचा मुकादम तिला सोडत नव्हता. आत्या नाही म्हणून बारसं नाही, आणि बारसं नाही म्हणून मला खाडा नाही. मी लेकीला शेक देत होते, नातीला न्हाऊमाखू घालत होते आणि आमचे मालक अर्ध्या कोयत्यावर ऊस तोडत होते.

मुकादम रोज सकाळी मोटारसायकल कोपीसमोर लावायचा.

"वहिनी, झालं का बारसं?"

"आत्या यायच्या हायेत, भाऊजी."

पहिल्यांदा तो हसला. मग गाल फुगवून जायला लागला. मग एक दिवस त्याने आत्याच्या मुकादमाचा नंबर मागून घेतला आणि कोपीसमोरच उभा राहून दोन्ही फोनांतला बरा फोन लावला. चटईच्या भिंतीआडून आम्हाला एकेक शब्द ऐकू येत होता.

"हां, बोला... अय, मी बोलतोय बे. त्या बाईला दोन दिस सोड... न्हाई, मयत न्हाई, बारसं हाय... आरं तुजं काय जातंय? तिच्यापायी हितं माझा कोयता अर्धा झालाय... बाकी हाय तर हाय ना, कुठं पळती ती? मी जामीन. मी स्वतः आनून घालतो तिला... बघू बिघू म्हनू नको बे, मला शिकवतो का?"

आत लेकीने हसू दाबायला पदराचा बोळा तोंडात कोंबला. मी नातीच्या टाळूवर तेल घालत होते, ते ओघळून तिच्या कानात गेलं आणि ती किंचाळली. बाहेर फोन बंद झाला.

"सोडतो म्हनला," मुकादम चटईला तोंड लावून म्हणाला. "परवा आनतो तिला. वहिनी, नाव तर ठरलंय ना? का त्याला आनखी लागनार हायेत चार दिस?"

मी म्हटलं, अगदी मोठ्याने, शेजारच्या कोपीतही ऐकू जाईल एवढ्याने, "ते आत्या आल्यावर ठरवू, भाऊजी."